चार खुर्च्या, पाच माणसं

एक सिनेमा पाहायला माणसाला किती वेळ लागावा? दोन तास. मध्ये चहा झाला तर सव्वादोन. मला चाळीस वर्षं लागली. सुरुवात अकोल्याला पाहिली आणि शेवट अमरावतीला, आणि मधल्या काळात माझे केस गेले, दोन दात गेले आणि बाबाही गेले.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे खोटं बोलत नाही. मोजमापं तेवढी थोडी सैल ठेवतो. उन्हानं लोखंड प्रसरण पावतं हे पुस्तकात दिलेलं आहे. मग अकोल्याच्या उन्हात वाढलेल्या माणसाची गोष्ट का पावू नये?

तर ऊन. तो मे महिना असा होता की आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर कोंबडीनं अंडं दिलं की ते उकडलेलंच निघायचं. मी नऊ वर्षांचा होतो. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि पंधरा दिवसांनी तिचं लग्न होतं. स्थळ अमरावतीचं. तिनं शालू मागितला नाही, दागिना मागितला नाही. बाबांना म्हणाली, "बाबा, एकडाव आपल्या घरी व्हीसीआर आना. आपल्या घरी बसून सिनेमा पाहू. मंग मी जातोच हाये."

बाबा एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर होते. ते व्हिडिओच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "फॅमिलीसोबत बसून पाहता येईल असं काही द्या. मारामारी नाई पायजे, पावसात भिजनारी बाई नाई पायजे." दुकानदारानं या दोन्ही अटी तंतोतंत पाळल्या. कॅसेट लावली तेव्हा कळलं की सिनेमा इंग्रजी आहे. त्यात एक कुटुंब होतं आणि एक रॉकेट होतं.

खिडक्यांना चादरी लावल्या. क्वार्टरांची अख्खी लाइन आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत बसली. मुलं पुढे, बायका मध्ये, पुरुष भिंतीला टेकून, आणि ज्यांना जागा नाही ते एकमेकांच्या मांडीवर. आणि मग अडचण आली ती कूलरची.

आमचा कूलर बाबांनी डेपोतल्या एका फिटरकडून पत्रा ठोकून करवून घेतला होता. हवा गार यायची, त्यात वादच नाही. पण तो सुरू केला की तिकडे पार बार्शीटाकळीच्या म्हशी भिऊन दूध चोरायच्या. शेजारच्या काकांना वाटायचं रेल्वे आली, ते पिशवी घेऊन बाहेर यायचे. कूलर चालू असताना टीव्हीचा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. आणि बंद केला तर त्या खोलीत तीस माणसं शिजली असती.

बाबांनी मत घेतलं. "बोला, आवाज पायजे का गारवा?"

एकमतानं गारवा निवडून आला. "तसंही इंग्लिश ऐकून कोनाले काय समजनार हाये," असं एक काकू म्हणाल्या, आणि मला आजही ते म्हणणं बिनतोड वाटतं. एवढ्या लांबून सिनेमा आणायचा आणि त्याचा आवाज कूलरला वाहायचा, हा व्यवहार फक्त अकोल्याचा माणूस करू जाणे.

मग बाबा टीव्हीशेजारी उभे राहिले. एक हात वरच्या फळीला, गाडीतल्या दांड्याला धरतात तसा. आणि कूलरच्या वर जाईल अशा, घाटात चाळीस गावांची नावं ओरडून कमावलेल्या आवाजात त्यांनी सिनेमा सांगायला सुरुवात केली.

"हा बाप हाये. डेपोत फिटर हाये. ही माय. हे पोट्टं, हे मामा, आन् ही मोठी पोरगी. लग्नाची हाये."

"कशावरून, बाबा?" मी ओरडलो.

"चेहऱ्यावरून समजते! बस खाली."

बापानं परसात रॉकेट बांधलं होतं. बाबा म्हणाले, दूधवाल्या डेअरीच्या जुन्या टाकीचं आहे. पोरानं खेळता खेळता दांडा ओढला आणि पाचही जण आभाळात गेले. ज्या ग्रहावर उतरले तिथं दोन सूर्य होते. "दोन सूर्य!" बाबा म्हणाले, "म्हंजे मूर्तिजापूरच्या पुढंच कुठंतरी." हिरवी, उंच, लांब बोटांची माणसं आली आणि पोरीला घेरून तिचे हात, कपाळ तपासू लागली. बाबांनी क्षणभरही न थांबता सांगितलं, "पोरगी पाहाले आले. आता माय म्हनते, आमची पोरगी शिकेल हाये, हुंडा बिंडा भेटनार नाई." सगळ्या बायका ताईकडे पाहून हसल्या. ताई पदराआड गेली. मला मात्र त्या हिरव्या माणसांचा राग आला. अमरावतीहून तिला पाहायला आलेल्या माणसांचा आला होता, तेवढाच.

शेवटी परत निघायची वेळ झाली. रॉकेटमध्ये पाच खुर्च्या होत्या, पण उतरताना एक जळाली होती. चार खुर्च्या, पाच माणसं. पडद्यावर माय एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजत होती. ताई तेवढ्यात सगळ्यांसाठी पाणी आणायला मोरीकडे गेली होती.

आणि लाइट गेली.

आधी टीव्ही विझला. मग कूलरचा पंखा फिरत फिरत, कण्हत थांबला. इतकी शांतता मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. थोडा वेळ वाट पाहून माणसं एकेक करत बाहेर लिंबाखाली गेली. खोलीत मी आणि बाबा उरलो.

"बाबा, कोन राह्यलं तिथं?"

बाबांचा हात अजून फळीलाच होता. तो त्यांनी काढला. मग खाली बसले आणि हळू आवाजात, कूलर नसताना बोलतात त्या आवाजात म्हणाले, "पोरगी राह्यली, बेटा. थेच म्हनाली, मी राहतो. दोन सूर्य हायेत, पापड लवकर वाळतात. मंग थे रोज संध्याकाळी तिथं दिवा लावते. इकडून बाप पाहते. दिवा दिसला का समजते, जेवली पोरगी."

लाइट आली तेव्हा व्हीसीआर परत गेला होता. पंधरा दिवसांनी लग्न झालं. बुद्धवंदना झाली, हार झाले, जेवणं झाली, आणि ताई अमरावतीला गेली. मी त्या संध्याकाळी ओट्यावर बसून ईशान्येकडे पाहत होतो. अमरावती त्याच बाजूला आहे, हे नकाशात आधीच पाहून ठेवलं होतं. दिवा काही दिसला नाही. शंभर किलोमीटर म्हणजे नऊ वर्षांच्या पोराला फार.

पुढे बाबांनी मिन्नतवारी करून अमरावतीची ड्यूटी मागून घेतली, आणि निवृत्त होईपर्यंत सोडली नाही. अमरावतीच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबायची. ताई डबा घेऊन आलेली असायची. बाबा बोनेटवर डबा उघडायचे, दोन घास स्वतः खायचे आणि दोन तिला बळेच भरवायचे. रात्री घरी आले की चपला काढायच्या आधी आईला सांगायचे, "जेवली पोरगी."

बाबांचं कंडक्टर म्हणून आणखी एक सांगितलं पाहिजे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. त्यांनी आयुष्यात कधी एकाही माणसाला फाट्यावर उभं सोडून डबल बेल दिली नाही. गाडी कितीही भरलेली असो. नांदगाव खंडेश्वरच्या यात्रेत त्यांनी एकदा एका गाडीत सव्वाशे माणसं, दोन बकऱ्या, एक नवरदेव आणि नवरदेवाचा घोडा नेला होता. घोड्याबद्दल मला थोडी शंका आहे, पण नवरदेव नक्की होता. "सरका, आत सरका," ते म्हणायचे, "मानूस सरकला का जागा व्हते." आणि व्हायची.

त्या सिनेमाच्या शेवटावरून ताईचं आणि माझं भांडण मात्र तिच्या पहिल्या माहेरपणापासून सुरू झालं. मी म्हटलं, पोरगी राहिली. ती म्हणाली, "काय बे, येडा झाला का? बाप राह्यला." लग्नाच्या दिवशी सासरी निघायच्या वेळी, गाडीत बसताना तिनं बाबांना शेवट विचारला होता, आणि बाबांनी तिला सांगितलं होतं, "बापानं आपली खुर्ची पोरीले देली. पोरगी आपल्या घरी गेली. बाप तिथंच थांबला, उभ्यानं. त्याले उभ्यानं राह्याची सवय होती."

आम्ही दोघंही बाबांकडे न्याय मागायला गेलो. बाबा म्हणाले, "मले काय विचारता? मी तं ड्यूटीवर होतो." आणि हसून बाहेर गेले. ते भांडण आम्ही चाळीस वर्षं जपलं. फोनवर दुसरं काही बोलायला नसलं की त्यानं सुरुवात व्हायची.

बाबा गेले त्याला आठ वर्षं झाली. आई त्यांच्या आधीच गेली होती. तेव्हापासून ताई अकोल्याला राहायला आली नाही. येते, नाही असं नाही. सकाळच्या गाडीनं येते, दुपारी जेवते, आणि चारच्या गाडीनं परत. मी दरवर्षी म्हणतो, आठ दिवस राहा. ती म्हणते, घुटना दुखते, सुनेच्या कॉलेजात परीक्षा हाये, लोणच्याचे दिवस हायेत. एकदाच खरं बोलली. "घरात गेली का मी पाहुनी असल्यावानी वाटते रे. कोनी म्हनत नाई, सरका, पोरगी आली." मी तिच्याहून लहान, मी असं म्हटलं तर नाटक वाटलं असतं.

तर गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "पोट्ट्या, सिनेमा सापडला!"

तिची सून कॉलेजात शिकवते, आणि तिला इंटरनेटच्या पोटातून काहीही काढता येतं. ताईनं तिला दोन सूर्य, डेअरीची टाकी आणि चार खुर्च्या एवढंच सांगितलं होतं. मी तिथल्या तिथे पैज लावली. पोरगी राहिली असेल तर ताईनं आठ दिवस अकोल्याला यायचं. बाप राहिला असेल तर मी आठ दिवस अमरावतीला. ताई म्हणाली, "मंजूर. तुह्या कपड्यायची बॅग भरूनच ये."

मी बॅग भरली नाही. एवढा माझा बाबांवर विश्वास होता.

दुपारी सुनेनं पडदे ओढले, एसी लावला आणि सिनेमा सुरू केला. एसी इतका मुका होता की मला सारखं वाटत होतं, तो नापास झालेला आहे आणि घरी सांगायला घाबरतो आहे. आणि सिनेमा बोलू लागला! त्याला आवाज होता, संगीत होतं. पोरीचा आवाज थोडा घोगरा होता. चाळीस वर्षं ती माझ्या डोक्यात वऱ्हाडी बोलत होती. मी दर दोन मिनिटांनी कान टवकारून ऐकत होतो, की यामागे कुठेतरी कूलर असेल.

खाली अक्षरं येत होती आणि सून भराभर अर्थ सांगत होती. बाबांचं एकेक वाक्य पडत चाललं. रॉकेट बापानं बांधलेलंच नव्हतं. मायनं बांधलं होतं. बाप गाण्याचे क्लास घ्यायचा. मामा हा मामा नव्हता, भाडेकरू होता. हिरवी माणसं आली तेव्हा ताई पुढे सरकली.

"हे आता पोरगी पाहून राहिले ना?"

"नाही, आई," सून म्हणाली, "ते तिचा ताप मोजत आहेत. त्यांना वाटतंय माणसं आजारी आहेत, म्हणून इतकी बोलतात."

"म्हंजे स्थळ नाई?"

"स्थळ नाही."

"आन् हुंड्याचं बोलली थे माय?"

"ती म्हणाली, तिच्या अंगाला हात लावू नका."

ताईनं पडद्यावरच्या मायकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे तेच म्हनाले ना बाबा. जरा लांबवून सांगतलं."

आणि मग ते आलं. जळलेली खुर्ची. माय एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजते.

"थांबव!" ताई ओरडली.

पडदा थांबला. मायचा हात पोरीच्या डोक्यावर होता. चाळीस वर्षांपूर्वी इथेच लाइट गेली होती. मला वाटलं, ही आता म्हणेल, राहू दे, पुढचं नको. मलाही तेच हवं होतं. पुढे काहीही निघालं तरी आमच्यातल्या एकाचे बाबा खोटे ठरणार होते.

सून म्हणाली, "आई, पाणी आणू?"

"मीच उठली होती तेव्हा पान्याले," ताई म्हणाली. "आता नाई उठत. लाव."

चार खुर्च्या, पाच माणसं. भाडेकरू म्हणाला मी राहतो. बाप म्हणाला मी. ताईनं माझं मनगट धरलं. पोरगी म्हणाली मी राहते. आता मी ताईचं धरलं. मायनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं, कमरेचा पाना काढला, खाली वाकली आणि नट खोलायला लागली. एक खुर्ची काढली, दारातून बाहेर फेकली. दुसरी फेकली. तिसरी. चौथी. पाचही जण खाली जमिनीवर मांड्या घालून, एकमेकांना धरून, दाटीवाटीनं बसले. रॉकेट उडालं. संपला सिनेमा.

कोणीच राहिलं नव्हतं.

सूनबाईनं निकाल दिला, "मामाजी, तुम्ही दोघंही हरलात."

मी हसायला लागलो. मला खरंच हसू आलं होतं. दोन बकऱ्या आणि घोडा बसवणारा माणूस! ज्यानं उभ्या आयुष्यात एक म्हातारी फाट्यावर सोडली नाही, त्याला चार खुर्च्यांच्या जागेत पाच माणसं बसवता आली नाहीत?

"ताई, बाबाले हे सुचलंच नाई! कंडक्टर मानूस!"

ताई हसली नाही. पडद्यावर नावं वर जात होती, ती वाचत असल्यासारखी पाहत राहिली.

"सुचलं असंल," ती म्हणाली. "पहिले तेच सुचलं असंल त्याले. पन तसं सांगतलं असतं तं मी गेली असती का रे? मी म्हनली असती, सरका, मी इथंच बसतो."

त्यानंतर आम्ही तिघं बराच वेळ एसी ऐकत बसलो. तो ऐकू येत नाही, तरीही.

पैजेचा निकाल लागलाच नव्हता, त्यामुळे कोणी कुठे जायचा प्रश्न नव्हता. चहा घेऊन मी निघालो. ताई स्टँडपर्यंत सोडायला आली, घरातल्याच साडीत, घरातल्याच चपलेत. हातात डबा होता. मी म्हटलं, मला दीड तासाचा तर प्रवास. ती म्हणाली, "धर मुकाट्यानं."

अकोल्याची गाडी लागली आणि स्टँडवरची सगळी माणसं तिच्यावर तुटून पडली. मी आपल्या वयाला शोभेल असा मागे उभा राहिलो. ताई म्हणाली, "असाच उभा राह्यशील तं उद्या पोचशील," आणि दुखऱ्या घुटन्यासकट खांद्यानं वाट काढत वर चढली. मी मागे. दोघांच्या सीटवर एक जाडजूड बाप्पू शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ताईनं मला त्यांच्याशेजारी ढकललं आणि स्वतः दांडा धरून उभी राहिली.

"उतर आता, ताई. गाडी सुटते."

"सुटू दे. बडनेऱ्याले उतरतो."

डबल बेल झाली. अमरावती मागे पडली. बडनेरा आलं, गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. ताई खिडकीबाहेर पाहत होती. गाडी सुटली. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती उतरली असती.

मग कंडक्टर आली. खाकीतली तरुण पोरगी, हातात तिकिटाचं यंत्र. बाबांच्या वेळी बायका कंडक्टर नव्हत्या. असत्या तर बाबांनी ताईला नक्की गाडीवर घेतलं असतं.

"काकू, कुठलं तिकीट?"

ताईनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. नऊ वर्षांचा असताना लाइट गेल्यावर खोली जशी ऐकू आली होती, तशी मला गाडी ऐकू आली. इंजिन चालू होतं, तरीही.

"मूर्तिजापूर," ताई म्हणाली. यंत्र कटकट करायला लागलं, तसा तिनं त्या पोरीचा हात धरला. "नाई, थांब, बेटा. अकोला दे. एक अर्धं."

पोरीनं तिकीट फाडून दिलं आणि सवयीनं ओरडली, "काकूंना उभं ठेवू नका हो, जरा सरका!"

मी सरकलो. बाप्पू सरकले. संत्र्यांची पिशवी माझ्या मांडीवर आली, डबा पिशवीवर आला, आणि दोघांच्या सीटवर तिसरी ताई बसली, अर्धी सीटवर आणि अर्धी हवेत. कुरूम गेल्यावर तिनं डबा उघडला, एक घास माझ्या तोंडात कोंबला आणि एक त्या अनोळखी बाप्पूंना दिला.

"मोप जागा हाये," ती म्हणाली. "बाबा असते तं अजून एक बसवला असता."

मी तिच्यासाठी घास केला. ती नको म्हणत होती, बळेच भरवला. अकोल्याला पोचल्यावर चपला काढायच्या आधी बाबा जे सांगायचे, ते ऐकायला घरात आता कोणी नव्हतं. म्हणून मी ते तिथेच, गाडीच्या आवाजात, कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणून घेतलं.